आत्याची डिस्क कोरी दिसली तेव्हा

आमच्या घरात कम्प्युटर आला तो माझ्या शिक्षणासाठी नव्हे, आत्याच्या पुस्तकासाठी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बरीच वर्षं मी लोकांना उलटंच सांगत आलो. सावर्ड्याच्या बाजारापासून आत, पायी अर्ध्या तासावर आमचं चिऱ्याचं घर. घरात आई, बाबा, मी आणि बाबांची मोठी बहीण कमूआत्या. आत्यानं लग्न केलं नव्हतं. हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवून ती निवृत्त झाली, आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात तिनं आमच्या कुळाचा जुना कुलवृत्तांत फडताळातून काढून टेबलावर आपटला. तो आजोबांच्या काळात छापलेला होता. त्यात पुरुषांची शिक्षणं, नोकऱ्या, बागा, विहिरी, सगळं सविस्तर होतं. आमच्या आजोबांच्या नोंदीखाली मात्र लिहिलं होतं, 'पुत्र: केशव. कन्या: दोन.'

"ह्या दोनांतली एक मी," आत्या म्हणाली. "म्हशींची तरी नावं लिहितात."

बाबा एसटीच्या डेपोत कारकून होते, शांत माणूस. ते म्हणाले, "अगं, तेव्हाची पद्धतच तशी होती."

"म्हणून तर नवीन काढायचा."

अशा रीतीनं ते काम सुरू झालं. मुंबईच्या एका चुलतभावाच्या ऑफिसातला जुना झालेला कम्प्युटर गोणपाटात गुंडाळून आमच्याकडे आला, आणि मी तेव्हा चिपळूणला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे घरातला तज्ज्ञ ठरलो. माझं ज्ञान म्हणाल तर एका मित्राच्या क्लासमध्ये काचेबाहेरून पाहिलेलं आणि रद्दीतून आणलेल्या इंग्रजी मासिकांत वाचलेलं. पण घरात दुसऱ्या कुणाला तेवढंही नव्हतं. वासरांत लंगडी गाय शहाणी.

माजघरात खिडकीशी टेबल मांडलं. खाली स्टॅबिलायझर होता, व्होल्टेज वरखाली झालं की तो बेडकासारखा टक् टक् करायचा आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, "मेला का रे?" अठ्ठावन्न वर्षांची आत्या मराठी टायपिंग शिकली ती उजव्या हाताच्या एकाच बोटानं. कुठलं अक्षर कुठल्या बटणावर आहे याचा तक्ता तिनं स्वतः आखून भिंतीला चिकटवला होता, शाळेत राजवंशांचे तक्ते आखायची तसा. दुपारी सगळं शांत झालं की तिच्या बोटाचा आवाज घरभर ऐकू यायचा. टक्, मग बराच वेळ काही नाही, मग टक् टक्, आणि मग तिचं पुटपुटणं, "कुठं गेला हा अर्धा र." चारच्या सुमाराला आई घावन घालायला घ्यायची. तव्यावरची चर्र आणि ओल्या नारळाच्या चटणीचा वास माजघरात आला की आत्या काम जतन करायला मला हाक मारायची. जतन करायचं बटण तिनं स्वतः कधी दाबलं नाही. "ते तू कर बाबा, माझ्या हातून काही व्हायला नको." मी ते बटण दाबायचो आणि त्यानंतरच तिच्या तोंडात पहिला घास जायचा. आजही माझ्या खेडच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाचं काम जतन करताना मला चटणी आठवते. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे.

कुळातल्या घरोघर छापील अर्ज पाठवले होते. त्यात आत्यानं मुद्दाम रकाने घातले होते: बाईचं माहेरचं नाव, माहेरचं गाव, शिक्षण, कशाची आवड होती. अर्ज भरून आले ते सगळे नवऱ्यांनी भरलेले. बायकांच्या रकान्यात 'गृहिणी' एवढंच. एकानं आवडीच्या पुढे लिहिलं होतं, 'विशेष नाही.' आत्यानं तो अर्ज आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाली, "आता मीच जाते." मग सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं निघायचो. खेड, दापोली, गुहागर, कुठं कुठं आडगावात. आत्याच्या पिशवीत शाळेच्या वह्या, माझ्या खांद्यावर पाण्याची बाटली. ती स्वयंपाकघरात शिरायची, पाट ओढून बसायची आणि वाटाणे सोलता सोलता बायकांना बोलतं करायची. मी बाहेर पडवीत पुरुषांशी पावसापाण्याच्या गप्पा मारायचो, किंवा आत बोलावलं तर वही घेऊन लिहून घ्यायचो. कुणी पोहण्यात पटाईत होती, कुणी लग्नाआधी मराठी सातवीत केंद्रात पहिली आली होती, कुणी नवऱ्याच्या पश्चात एकटीनं बाग राखली होती. परतताना बसमध्ये आत्या मला म्हणायची, "सुधीर, ह्या सगळ्या 'विशेष नाही' बरं का." माझ्या आयुष्यात मी इतका सुखात क्वचित राहिलो असेन. मी वीस वर्षांचा होतो, कुणाच्या तरी कामाचा होतो, आणि प्रत्येक घरी खायला मिळत होतं.

आता चुकांकडे येतो. त्या एकूण तीन, आणि तिन्ही माझ्या.

पहिली वह्यांची. कागदाच्या एका गठ्ठ्याला वाळवी लागली. कोकणात हे काही नवीन नाही. पण मी त्या दिवशी फार शहाणपणानं म्हणालो, "आत्या, टाइप झालेल्या वह्या ठेवतेस कशाला? वाळवी घरभर होईल. कम्प्युटराला काही वाळवी लागत नाही." तिला ते लगेच पटलं नाही. इतिहासाची बाई, कागद टाकवेना. शेवटी म्हणाली, "तू म्हणतोस तर." त्या वह्या न्हाणीतल्या चुलीत गेल्या. मीच फाडून आत घालायचो. पाणी छान तापायचं.

दुसरी चूक मी केली ती फुशारकीपायी. आमच्या कम्प्युटरवर आधी विंडोज पंच्याण्णव होती. चुलतभावानं अठ्ठ्याण्णवची सीडी पाठवली आणि ती मी घातली. इथवर ठीक होतं. पण मासिकात वाचलं होतं की अठ्ठ्याण्णवमध्ये कम्प्युटरच्या आतल्या डिस्कची मांडणी बदलायची सोय आहे, त्यानं जागा वाढते. डिस्कवर माहिती ठेवायची एक पद्धत असते. कुठलं पान कुठल्या कप्प्यात आहे याची सूची डिस्कच्या सुरुवातीला असते, आणि कप्पे किती मोठे करायचे हेही त्या पद्धतीत ठरलेलं असतं. जुन्या पद्धतीत कप्पे मोठे, त्यामुळे लहानशी फाइलसुद्धा अख्खा कप्पा अडवायची. नव्या पद्धतीत, तिला फॅट बत्तीस म्हणत, कप्पे लहान. मी ती सोय सुरू केली. पडद्यावर एक लांबलचक सूचना आली. ती मी वाचली नाही, 'पुढे' दाबलं. काम संपल्यावर डिस्कवर बरीच मोकळी जागा दिसायला लागली आणि मी सगळ्यांना हाका मारून बोलावलं.

बाबांनी चष्मा लावून बघितलं. "म्हणजे डबा तेवढाच, पण लाडू जास्त बसतात?"

"तसंच काहीसं."

"मग आधी कोण एवढा गबाळेपणानं भरत होतं?" आई म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

त्या न वाचलेल्या सूचनेत लिहिलेलं होतं की यापुढे ही डिस्क जुन्या विंडोजना वाचता येणार नाही. मी हे आज ठामपणे सांगू शकतो, कारण पुढे माझ्या धंद्यात मी तीच सूचना किती जणांच्या मशीनवर पाहिली असेल. दर वेळी ती शेवटपर्यंत वाचली.

पुस्तक तयार झालं. साडेतीनशे पानं, आणि आत्यानं जमवलेले बायकांचे जुने फोटो, जे रत्नागिरीत एके ठिकाणाहून स्कॅन करून आणले होते. एवढं सगळं फ्लॉपीवर मावणं शक्य नव्हतं, आणि सीडी लिहायचं यंत्र तेव्हा आमच्या आसपास कुणाकडे नव्हतं. तेव्हाची रीत अशी की डिस्कच काढायची आणि घेऊन जायची. मी कम्प्युटरच्या पेटीचे स्क्रू काढले, डिस्क सोडवली. आत्यानं ती माझ्याच लहानपणच्या दुपट्यात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन एसटीत बसली. रत्नागिरीला पोचेपर्यंत तिनं ती खाली ठेवली नाही. घाटात गाडी आदळली की दोन्ही हात तिच्यावर ठेवायची. शेजारच्या बाईनं विचारलं, "नातू का हो?" आत्या म्हणाली, "साडेतीनशे नाती आहेत ह्यात," आणि ती बाई थोडी लांब सरकून बसली.

प्रेस मुकादमकाकांचा होता. उंच, सडपातळ, पांढरी दाढी, बोलणं मऊ. त्यांच्या छपाईच्या मोठ्या यंत्राशी जोडलेल्या कम्प्युटरवर एनटी नावाची विंडोज होती, आमच्या अठ्ठ्याण्णवच्या आधीची. ते यंत्र तिच्याशीच जुळायचं, म्हणून त्यांनी ती बदलली नव्हती. पूर्वी एकदा नमुन्याचं प्रकरण फ्लॉपीवर नेलं होतं तेव्हा काही अडलं नव्हतं, त्यामुळे कुणाच्या मनात शंका नव्हती. शुक्रवार होता. काकांनी आमची डिस्क त्यांच्या मशीनला जोडली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"नमाज पढून येतो. अर्ध्या तासात आलोच. तोवर कशाला हात लावू नका हां, बाई."

"तुम्ही निवांत या," आत्या म्हणाली, आणि कव्हरचे कागद बघायला मागच्या खोलीत गेली. मी मशीनसमोर बसलो.

मी हात लावला. काका येतील तोवर पानं उघडून ठेवावीत, आपल्याला काय काय येतं ते त्यांना दिसावं, एवढंच मनात होतं. डिस्कच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर चौकट आली: ह्या डिस्कचं फॉरमॅट झालेलं नाही, आता करायचं का? जुनी विंडोज नवी सूची वाचू शकत नव्हती. पण 'मला हे वाचता येत नाही' असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, ही डिस्क कोरी आहे. ह्या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केलेला आहे. यंत्रंच असं वागतात असं नाही.

नवी फ्लॉपी घातली की अगदी हाच प्रश्न यायचा. मी तो शेकडो वेळा पाहिला होता आणि दर वेळी 'होय' म्हटलं होतं. माझा हात त्या सवयीनं 'होय'वर गेला. मग दुसरी चौकट आली, त्यात 'सुरू करा' होतं. ते दाबलं. मग तिसरी: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. मी क्षणभर थांबलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, आत्यालासुद्धा आत्ता आत्ता सांगितलं. मी थांबलो होतो. पण काका दारातून येतील आणि मला असं अडलेलं बघतील, ह्याची मला लाज वाटली, आणि फ्लॉपीलाही ही चौकट यायचीच, असं स्वतःला सांगून मी ती पण दाबली.

काका आले तेव्हा पडद्यावर एक स्वच्छ, रिकामी डिस्क होती.

त्यांनी ती पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "काही दाबलंस का रे?"

"नाही."

तेवढ्यात आत्या कव्हरचा निळा कागद हातात घेऊन आली. "हा बघ, हा कसा वाटतो?" तिनं आमचे चेहरे बघितले. "काय झालं?"

काका माझ्याकडे बघत राहिले. आता वाटतं, ते मला बोलायला वेळ देत होते. मी बोललो नाही. मग त्यांनी खुर्ची ओढली, खाली बसले आणि म्हणाले, "बाई, डिस्क रिकामी दिसते. नाजूक चीज असते. प्रवासात एखादा दणका बसला असेल."

आत्यानं कागद टेबलावर ठेवला. "माझ्या मांडीवर होती हो," ती म्हणाली. "पूर्ण वेळ माझ्याच मांडीवर."

ही तिसरी चूक, आणि पहिल्या दोन तिच्यापुढे काहीच नाहीत. परतीच्या गाडीत आत्या रिकाम्या हातानं बसली होती आणि मी शेजारी. संगमेश्वर गेलं, आरवली गेली, मी बोललो नाही. घरी आल्यावर बाबा नेहमीचे शांत बाबा राहिले नाहीत. आपल्या गाडीत दणका बसला हे त्यांना लागलं. "खड्डे रस्त्याचे असतात, गाडीचे नव्हे," असं दोनदा म्हणाले, आणि जेवताना तिसऱ्यांदा म्हणाले. आईनं कुळथाचं पिठलं केलं होतं. आत्या एकदाच बोलली, "घाटात एकदा माझा डोळा लागला होता. तेव्हाच झालं असेल." तिचा डोळा लागला नव्हता. मी शेजारी बसलो होतो, मला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा कबुलीजबाब अर्धाच राहील. दुसऱ्या दिवशी मी ती डिस्क पुन्हा आमच्या पेटीत बसवली आणि तिच्यावर नव्यानं विंडोज चढवली. मला वाटलं, निदान मशीन तरी चालू दिसेल. फॉरमॅट करताना बहुधा फक्त सूचीच कोरी होते, पानं खाली तशीच असतात आणि जाणकार माणूस ती बाहेर काढू शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता मी स्वतः तेच काम करतो. लग्नाचे फोटो, सोसायटीची कागदपत्रं, एका डॉक्टरांच्या गेलेल्या वडिलांचा आवाज, असं कायकाय मी अशा डिस्कांतून परत काढून दिलेलं आहे. लोक पेढे आणून देतात. मला दर वेळी एकच गोष्ट कळते, की त्या दिवशी मी गप्प बसलो नसतो तर आत्याची पानं त्या डिस्कवर होती. मी माझ्या हातांनी त्यांच्यावर नवं सामान ओतलं.

आत्या आठ दिवस टेबलाकडे फिरकली नाही. नवव्या दिवशी तिनं जुने अर्ज काढले. पुरुषांच्या नोंदी अर्जांवर होत्याच. बायकांच्या गेल्या होत्या. तिनं पिशवी उचलली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ह्या वेळी मी बरोबर गेलो नाही. परीक्षेचं कारण सांगितलं, मग पुण्याच्या कोर्सचं, मग नोकरीचं. रविवारी बाबा तिच्याबरोबर जायला लागले. दोघं बहीणभाऊ म्हातारपणी पहिल्यांदाच इतके हिंडले, आणि बाबा आईला पत्रासारखं सगळं येऊन सांगायचे, कुणाकडे फणसाची भाजी कशी केली होती ते. पुस्तक निघालं तेव्हा मी पुण्यात होतो. माझी प्रत टपालानं आली. आत्यानं पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'सुधीरला, पहिल्या फेरीच्या सोबत्याला.' मी ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. वीसएक वर्षं मी ते उघडलं नाही. गावी परत आलो, खेडला दुकान टाकलं, लग्न झालं, मुलगी झाली. आयुष्य चांगलं गेलं, जातं आहे. पुस्तक फळीवर होतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी रेवा, आठवीतली, शाळेच्या प्रकल्पासाठी ते खाली घेऊन आली. "बाबा, ह्यात मी नाहीये."

"तू नंतर जन्मलीस."

"मग आजीचं बघू." ती पानं उलटत राहिली आणि मी तिच्या मागे उभा राहून पहिल्यांदा ते पुस्तक पाहिलं. फार सुरेख झालं आहे. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव आधी, सासरचं नंतर. मग रेवानं विचारलं, "इथं नुसती रेघ का आहे?"

आंजर्ल्याच्या यमुनाकाकूंची नोंद होती ती. माहेरचं नाव: एक आडवी रेघ. खाली बारीक अक्षरात, 'दुसऱ्या फेरीपूर्वी निधन. घरात कुणास ठाऊक नाही.'

मला ठाऊक होतं. पहिल्या फेरीत आम्ही तरीच्या होडीतून खाडी ओलांडून आंजर्ल्याला गेलो होतो. आत्या कड्यावरच्या गणपतीला गेली होती आणि मला काकूंकडे ठेवून गेली होती, "तेवढी वही पुरी कर," असं सांगून. काकू ऐंशीच्या पुढच्या, हातभर बांगड्या, ओल्या काजूची सालं काढत बसलेल्या. बोटं काजूच्या चिकानं काळी. त्यांनी सगळं सांगितलं, होडीतून वरात आली ते, पहिली वर्षं खाडीपलीकडे माहेरच्या गावचा दिवा दिसायचा ते. माहेरच्या नावाशी येऊन थांबल्या. पडवीकडे बघून आवाज खाली आणला. "लिही. पण हळू बोल, तो बाहेर बसलाय माझा लेक, हसेल मेला. आवडी. आवडी म्हणायचे मला. लग्नात ताटातल्या तांदळावर यमुना लिहिलं, त्यानंतर कुणी म्हटलं नाही." मी लिहिलं. घरी येऊन ते पान टाइपही मीच केलं होतं, आत्याचे डोळे आले होते तेव्हा.

त्याच दुपारी मी सावर्ड्याला गेलो. आत्या आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, कान तल्लख, गुडघे गेलेले. आई शेजारच्या घरी गेली होती. आत्या पडवीत आमसुलं निवडत बसली होती. मी समोर पायरीवर बसलो आणि सुरुवात मुकादमकाकांच्या नमाजापासून केली. तिन्ही चौकटी सांगितल्या. थांबलो होतो तेही सांगितलं. नंतर चढवलेली विंडोज सांगितली. ती आमसुलं निवडत राहिली.

"दणका बसलाच नव्हता," मी शेवटी म्हणालो. "तू एकदाही झोपली नव्हतीस."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मेल्या," ती म्हणाली. रागावली होती, तिच्या नाकपुड्या मला शाळेपासून ओळखीच्या आहेत. "पुसलंस ते पुसलंस. तेव्हा कुणाला काय कळत होतं. पण मी पंचवीस वर्षं गाडीत डोळा मिटला नाही रे. मुंबईला जाताना रात्रभर जागी असते. तुझी आई हसते मला."

"माझं चुकलं, आत्या."

"चुकलंच. आणि मला वाटायचं, तू एवढी मेहनत केलीस, तुझ्यासमोर तो विषय नको. पोराला वाईट वाटेल. म्हणून मी कधी विचारलंच नाही तुला, त्या पहिल्या वह्यांतलं काय आठवतं म्हणून. दुसऱ्या दिवशी दोघं शेजारी बसलो असतो तर निम्मं आठवून काढलं असतं." ती माझ्याकडे बघत राहिली. "आत्ता का आलास?"

"यमुनाकाकूंचं नाव मला माहीत आहे."

तिनं ते दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग म्हणाली, "आत जा, पुस्तक आण, पेन आण." रेघेवर तिनं आपल्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं, खाली बारीक छापलेल्या ओळीवर काट मारली, आणि पुस्तक मिटायच्या ऐवजी शेवटचं पान उघडलं. तिथं ज्या ज्या घरी प्रत गेली त्यांची यादी आहे. "हे सगळे. प्रत्येकाला फोन करायचा आणि सांगायचं, अमुक पानावर पेनानं लिहा. तू करायचास. मी नाही." थोड्या वेळानं तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "आणि कुणी विचारलं की इतक्या उशिरा कसं कळलं, तर खरं सांगायचं. खड्डे नको."

तेव्हापासून दुकान बंद करायच्या आधी मी रोज दोन-तीन घरांना फोन करतो. काही नंबर बदलले आहेत, काही घरांत आता पुस्तक सापडत नाही. बहुतेक जण चौकशी करतात, आत्याची विचारपूस होते, कुणी आंब्याचं विचारतं. कारण विचारलं की मी सांगतो. पहिल्या चार-पाच वेळा आधी कागदावर लिहून घ्यावं लागलं. आता लागत नाही. एका काकांनी सगळं ऐकून विचारलं, "मग माझ्या टीव्हीत पेनड्राइव्ह लागत नाही, तेही असंच काही असेल का हो?" होतं तसंच. फोनवरच दुरुस्त करून दिलं.

आंजर्ल्याचा फोन मी लांबणीवर टाकत होतो. काल केला. नातसुनेनं उचलला. मी कोण ते सांगितलं, पुस्तक सांगितलं, पान सांगितलं. ती म्हणाली, "थांबा, सासऱ्यांना देते. त्यांच्या आईचं आहे ना." मग आत हाक, काठीचा आवाज, आणि एक म्हातारा आवाज फोनवर आला, जरा रागीटच.

"कोण बोलतंय?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. पडवीत बसलेले ते गृहस्थ हेच.

"आमच्या आईनं तुम्हाला सांगितलं? स्वतः?"

"हो. तुम्ही बाहेर बसला होतात. तुम्ही हसाल म्हणाल्या."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "आम्ही सहा भावंडं. कुणाला नाही सांगितलं तिनं. काय म्हणालात नाव?"

"आवडी."

"जरा थांबा," ते म्हणाले. त्यांनी फोन कानापासून दूर धरला असावा, कारण घरातला पंखा ऐकू यायला लागला, भांड्यांचा आवाज, कुठलंसं लहान मूल. "ए, सगळी इकडे या. हा काय सांगतोय ते ऐका." मग पुन्हा फोनमध्ये, "हां, बोला. मोठ्यानं बोला."